दाराबाहेर काढलेला कॅलिपर

अन्याय झाला तो सुमन लिंबाजी, राहणार बेंबळी, तालुका उस्मानाबाद, वय वीस, हिच्यावर. यंदा जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला. ती सुमन मीच. आडनाव लिहीत नाही, कारण आमचं आडनाव वाचलं की निम्मे लोक पुढचं वाचत नाहीत.

त्या दिवशी मोठ्या शहरातल्या सरकारी फिजिओथेरपी कॉलेजात तीन डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसलं होतं. फिजिओथेरपी म्हणजे लुळं पडलेलं, आखडलेलं अंग व्यायामानं, शेकानं आणि हाताच्या आधारानं पुन्हा कामाला लावायचं शास्त्र. त्याच्या पदवीसाठी गुणांच्या यादीत माझं नाव लागलं होतं. आता मी धडधाकट आहे की नाही एवढंच बोर्डानं बघायचं होतं. दारापासून टेबलाकडं मी आठ पावलं चालले. मधल्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'अनफिट'. म्हणजे नालायक. मी अजून खुर्चीजवळ पोचलेही नव्हते.

माझी निदानं दोन झाली. पहिलं चार वर्षांपूर्वी, ते खरं होतं. दुसरं हे. पहिल्यातून मी उठले. दुसऱ्याबद्दल हे पत्रक घेऊन तुमच्यापुढं आले आहे. पण आधी पहिलं सांगते. हा पाय असा का झाला ते कळल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आणि तुमच्या घरी असा आजार आला, तर आमच्याकडून झालं ते तुमच्याकडून होऊ नये.

दहावीची परीक्षा देऊन मी आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जात होते. दुष्काळाचं साल. विहिरींच्या तळाला नुसता गाळ. रोजगार हमीच्या कामावर दिवसाआड टँकर यायचा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीतून जे निघायचं त्याला पाणी म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका आठवड्यात कामावरच्या सगळ्यांनाच हगवण लागली. मलाही लागली आणि थांबली. त्यात काय विशेष? कुणी डॉक्टरकडं गेलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं उन्हानं. मग एका संध्याकाळी घरी येताना मागून एक बाई म्हणाली, "सुमे, चप्पल कुठं टाकून चाललीस गं?" चप्पल पायातून निघाल्याचं मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडी फोडायला उकिडवी बसले ती उठता येईना. मुकादम म्हणाला, "नाटकं करू नगं, अजून दुपार व्हायची हाय." आईनं काखेत हात घालून मला उभं केलं, तर पाय खालच्या खाली दुमडले.

गावात पाण्याचा दुष्काळ होता, सल्ल्याचा नव्हता. एकानं बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलं, एकीनं कबुतराचं रक्त चोळायला. माझे वडील सहकारी सोसायटीच्या गोदामावर हमाल. बोलणं कमी. ते म्हणाले, "कबुतरानं काय वाईट केलंय आपलं? यस्टीची येळ बघा." आणि त्यांनी मला पाठीवर घेतलं, रोज पोती घेतात तसं.

उस्मानाबादला डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडला नाही. टाचेच्या वर ठोकलं. काहीच नाही. त्यांनी विचारलं, "गेल्या पंधरवड्यात जुलाब झाले होते का?" हे विचारणारे ते पहिलेच. मग म्हणाले, "हा गुइलेन-बारे सिंड्रोम वाटतो. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीला रबर असतं ना, तसं नसांवर एक आवरण असतं. जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःचंच आवरण खायला लागलंय. वीज आहे, पण वायर उघडी पडलीय."

वडलांनी विचारलं, "साहेब, रबर परत येतंय का?"

"येतं. बहुतेकांचं येतं, वेळ लागतो. पण हा आजार पायाकडून वर चढतो. छातीपर्यंत गेला तर श्वासाचं यंत्र लागेल. ते इथं नाही."

त्यांनी मला एका दमात अंक मोजायला लावले. छातीचा जोर किती उरलाय ते यावरून कळतं. मी पस्तीसपर्यंत गेले. तासाभरात त्यांनी जीप मिळवून दिली. त्या डॉक्टरांवर माझा काही राग नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकं काढणारी माणसं सगळ्यांनाच एका काठीनं हाकतात, असं बोललं जातं.

मोठ्या शहरातल्या सरकारी इस्पितळात लंबर पंक्चर झालं. म्हणजे कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कण्यात खालच्या बाजूला सुई घालून आतलं पाणी काढतात. दुखतं त्यापेक्षा भीती जास्त वाटते. नंतर दिवसभर उशी न घेता उताणं पडून राहायचं. पाण्याच्या तपासणीत पहिलंच निदान पक्कं झालं.

मग रोज सकाळी तेच. एका दमात मोज. पस्तीसाचे अठ्ठावीस झाले, मग एकोणीस, मग चौदा. आईला अक्षर येत नाही, पण अंक येतात. ती खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्याबरोबर ओठ हलवायची आणि मी थांबले की तीही थांबायची. चौदावर तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी सतरा. त्या दुपारी आई पहिल्यांदा व्हरांड्यात जाऊन पोटभर जेवली.

आजार चढायचा थांबला की औषधाचं काम जवळपास संपतं. पुढचं काम हातांचं. आमच्या वॉर्डात ते हात शिकाऊ होते. इस्पितळाला लागून फिजिओथेरपीचं कॉलेज, आणि तिथली पोरं-पोरी पांढरे कोट घालून आमच्यावर शिकायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणूस माणसावरच शिकणार.

माझ्या वाट्याला शैला आली. शेवटच्या वर्षाची, शहरातलीच. तिला मी ताई म्हणायचे, ती माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल. ती सकाळ-संध्याकाळ माझा एकेक सांधा हलवायची. याला पॅसिव्ह मूव्हमेंट म्हणतात, म्हणजे हलवणारा दुसरा, आपण नुसतं पडून राहायचं. यानं ताकद येत नाही, पण सांधा गंजत नाही. दर आठवड्याला ती मसल चार्टिंग करायची, म्हणजे प्रत्येक स्नायूला पाचापैकी गुण द्यायची. हललाच नाही तर शून्य. नुसता थरथरला तर एक. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात कधी शून्य नव्हतं. इथं पहिल्या पानावर सगळीच शून्यं.

पडल्या पडल्या मी माझ्या पायाची इंग्रजी नावं शिकले. पोरी खाटेभोवती उभ्या राहून पाठांतर करायच्या, मी ऐकायचे. टिबिअॅलिस अँटिरिअर म्हणजे नडगीच्या पुढचा स्नायू. पाऊल वर उचलतो तो. माझा तोच सगळ्यात शेवटपर्यंत शून्यावर होता, म्हणून त्याचं नाव मी विसरणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात शैलाताईची परीक्षा आली आणि परीक्षेची केस म्हणून मलाच खाटेसकट हलवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, हा स्नायू कोणत्या नसेवर चालतो? तिचा चेहरा पांढरा. मी छताकडं बघत हळूच म्हणाले, "डीप पेरोनिअल." परीक्षकांनी चष्मा खाली केला. "ह्या पोरीला पास करा आणि हिला खाटेवर झोपवा," ते म्हणाले. सगळे हसले, शैलाताईही. पण त्याच दुपारी मी मनात ठरवलं, हेच शिकायचं. ते परीक्षक यंदाच्या बोर्डात नव्हते. मी तिन्ही चेहरे नीट बघितले.

चौथ्या महिन्यात मी दोन समांतर दांड्यांच्या मधून चालायला लागले. मांड्या आल्या, कंबर आली, डावं पाऊल आलं. उजवं राहिलं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात, म्हणजे पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यासाठी कॅलिपर दिला. कॅलिपर म्हणजे पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, वर चामडी पट्टा आणि खाली बूट. पट्ट्या बुटाच्या टाचेतच बसवलेल्या. बूट काढला की कॅलिपर निघतो, कॅलिपर हवा तर बूट हवा. हे लक्षात ठेवा.

विभागाच्या मुख्य मॅडमनी माझी शेवटची तपासणी घेतली. खुर्चीवरून उठ. उठले. जिना चढ. चढले. पलंगावरून उतर. उतरले. त्यांनी कागदावर 'इंडिपेंडंट' लिहिलं, म्हणजे स्वावलंबी. म्हणाल्या, "कॅलिपर दिवसभर घालायचा. नाहीतर टाच वर ओढली जाईल. कळलं?" मी म्हणाले, कळलं.

आमच्या घरात खुर्ची नव्हती, जिना नव्हता, पलंग नव्हता. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

घर म्हणजे एक खण. एका कोपऱ्यात चूल, समोरच्या भिंतीला फळीवर बुद्धमूर्ती, मधल्या जागेत आम्ही. इस्पितळातून आले त्या दिवशी मी दारात पाय टाकला आणि आई म्हणाली, "सुमे, जोडा."

मी म्हणाले, "आई, जोडा न्हाय हा. कॅलिपर हाय."

"लोखंडाचा असला तरी जोडाच हाय त्यो. गावाची घाण तुडवून आलाय."

मी दारात बसले, पट्टा सोडला, कॅलिपर बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि सरकत आत गेले. यात आईची चूक काढू नका. मी स्वतः दहावी पास झालेली, मलाही ते बरोबरच वाटलं. चुलीपुढं आणि मूर्तीपुढं बूट घालून कोण बसतं? बेंबळीत नाही, भूमला नाही, मुरुमला नाही. तुमच्या घरात तरी कोण बसतं?

बाहेर मात्र मी कॅलिपरशिवाय एक पाऊल टाकलं नाही. त्याचं कारणही सांगून टाकते. आमच्या आजोबांच्या वेळी गावच्या चावडीपुढून जाताना आमच्या माणसांना पायताण हातात घ्यावं लागे. मी त्याच चावडीपुढून खट खट बूट वाजवत शाळेला जायचे. पारावरचे म्हातारे मान वळवायचे. मला लई बरं वाटायचं. म्हणून विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, होय, रोज घालते.

पण पोरीचा दिवस बाहेर किती आणि आत किती? दोन-चार तास शाळा. बाकी भाकरी, भांडी, अभ्यास, झोप, सगळं आत, भुईवर, पाय लांब करून. आणि लांब केलेल्या पायाचं उजवं पाऊल तितके सगळे तास खाली लोंबत राहिलेलं. टाच ओढायचा व्यायाम शिकवला होता, तो मी चार महिने केला. मग अकरावीचा अभ्यास वाढला आणि सुटला. ती चूक माझी, ती मी कबूल करते. पण लोंबणाऱ्या पावलाला वीस तास मोकळं सोडून दहा मिनिटं ओढल्यानं किती भागलं असतं, ते त्या शास्त्राच्या लोकांनीच सांगावं.

चौदा महिन्यांनी मी तपासणीला परत गेले, कारण आता कॅलिपरमध्ये टाच बसेनाशी झाली होती. मॅडमनी पाय हातात घेऊन पाऊल वर ढकललं. गेलं नाही. म्हणाल्या, "कॉन्ट्रॅक्चर." म्हणजे स्नायू आणि टाचेची शीर आखडून तशीच कायमची झाली. मग त्यांनी मला तिथंच टेबलावर बसवून वर्ग बोलावला. पंधरा-वीस पोरंपोरी वह्या घेऊन उभी राहिली. शैलाताई आता तिथंच नोकरीला लागली होती, ती मागं उभी होती.

मॅडम म्हणाल्या, "लिहून घ्या. उत्तम रिकव्हरी वाया गेली. कारण, पेशंट नॉन-कम्प्लायंट." म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी. वह्यांवर पेनं चालू लागली.

मी म्हणाले, "मॅडम, मी रोज घातला."

"रोज किती तास?"

"बाहेर असेन तितके."

"आणि घरात?"

"घरात बूट कसा घालणार? दारात काढायचे."

पोरं हसली. का हसली ते मला आजही कळत नाही. त्यांतली प्रत्येक पोर त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन दारातच चपला काढणार होती. मॅडमच्या खोलीबाहेरही पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. मी त्या पाटीकडं बोट केलं. हसणं थांबलं.

मॅडम म्हणाल्या, "मग तू तेव्हाच सांगायचंस."

मी म्हणाले, "तुम्ही विचारायचं होतं. शिकलेल्या तुम्ही होता."

मी सतरा-अठरा वर्षांची होते. आज मी जरा जास्त बोलले असते.

त्यांनी वहीत काही खोडायला सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात शैलाताई मागून आली. ती म्हणाली, "सुमन, चार वर्षं शिकलो आम्ही. हाडं शिकलो, नसा शिकलो, वीज लावायची यंत्रं शिकलो. परीक्षेला खुर्ची, पलंग, जिना. पेशंटच्या घरात बूट चालतो का, हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता गं." तिचे डोळे भरले होते. मी तिला धीर दिला नाही. तो माझा पाय होता.

त्यानंतर टेंडो अकिलिस लेंग्थनिंग केलं, म्हणजे टाचेमागची शीर कापून लांब करायचं ऑपरेशन. टाच बरीच खाली आली, पूर्ण टेकली नाही. आता मी लंगडते. दुखत नाही, दमत नाही, पण दिसतं.

घरातला इलाज निघायला अर्धा तास लागला, आणि तो कुठल्या तज्ज्ञानं काढला नाही. गावच्या चांभारकाकांना मी कॅलिपर दाखवला. ते म्हणाले, "दुसरा जोड शिवतो की. ह्या पट्ट्या निघत्यात अन् बसत्यात अशी खाच करतो. त्यो जोड घराभायेर न्यायचाच न्हाय, मग विटाळ कसला?" दुसरा बूट आला, दारातल्या दारात पट्ट्या बदलता येऊ लागल्या. आईनं तळवा उलटा करून बघितला, कोरा होता. तिनं तो स्वतः आत नेऊन ठेवला. हे चौदा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर मी आज हे पत्रक लिहीत नसते.

तुमच्या घरी पोलिओचं पोर असेल, फूट ड्रॉपचा माणूस असेल, त्याला कॅलिपर मिळाला असेल, तर एवढं करा. घरातला जोड वेगळा शिवून घ्या. इस्पितळातून निघताना कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, आम्ही भुईवर बसतो, भुईवर जेवतो, भुईवर निजतो, परसाकडं उकिडवं बसतो. हे सांगायला लाजू नका. मी लाजले.

मी अकरावीला सायन्स घेतलं ते याच कोर्ससाठी. बारावीच्या कॉलेजात असताना पोरांच्या मोर्चांची पत्रकं मी लिहायची, तिथंच हा हात तयार झाला. त्याच काळात आमच्या वस्तीपलीकडं मुख्य गावात राहणाऱ्या सखाराम तात्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. इस्पितळानं त्यांनाही 'इंडिपेंडंट' करून पाठवलं होतं. काठी घेऊन चालायचे, पण एकदा भुईवर बसले की उठवायला तीन माणसं लागायची. म्हणून ते बसायचेच नाहीत. दिवसभर उभे, नाहीतर आडवे. जेवायचेसुद्धा खाटेच्या कडेला टेकून, एकटे.

त्यांची सून आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "सुमनताई, तात्यांस्नी जरा बघतीस का? पण त्यांचं तोंड लई वाईट हाय." मी पिशवीतून घरातला बूट घेऊन गेले. तात्यांच्या उंबऱ्यात बसून पट्ट्या बदलल्या. तात्या बघत होते. आमच्यातलं कुणी त्या उंबऱ्याच्या आत त्याआधी कधी गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. तात्या बोलले ते वेगळंच, "लंगडी शिकवणार अन् लुळा शिकणार. तिकीट लाव म्हणावं, गाव बघायला यील."

मी म्हणाले, "तिकीट तुम्ही फाडा तात्या. डावा हात चांगला हाय तुमचा."

वाळू भरलेलं एक पोतं मागवलं. आधी उभ्या पोत्यावर टेकून बसायचं आणि उठायचं. आठवड्यानं थोडी वाळू कमी. मग आणखी कमी. बसायची जागा रोज जरा जरा भुईकडं. चांगल्या कुशीवर वळायचं, गुडघा टेकायचा, डावा हात पोत्यावर, मग उठायचं. तात्या शिव्या देत उठायचे, मला, पोत्याला आणि स्वतःच्या पायाला. दोन महिन्यांनी पोतं नुसतं घडी घालून ठेवलेलं होतं. त्या दिवशी ते नातवंडांच्या पंगतीत भुईवर बसून जेवले आणि कुणाचा हात न घेता उठले. सून पदर तोंडाला लावून आत गेली. तात्या म्हणाले, "आता हिकडं येऊ नगंस. माझी शिव्या द्यायची सवं मोडंना." मी दुसऱ्या दिवशीही गेले.

हे सगळं बोर्डापुढं सांगायला मी गेले होते. कुणी विचारलं नाही. माणूस उचलून दाखव म्हणाले नाहीत, वजन धरायला दिलं नाही, कॅलिपरकडं वाकूनसुद्धा बघितलं नाही. मी स्वतःच म्हणाले, "सर, तुम्ही भुईवर झोपा. मी तुम्हाला उठवून दाखवते." मधले डॉक्टर कागद आवरत म्हणाले, "बाई, ताकदीचा प्रश्न नाही. पेशंटचा विश्वास बसला पाहिजे. तो म्हणेल, हिला स्वतःला नीट करता आलं नाही, ही मला काय करणार?" डावीकडचे म्हणाले, "ग्रंथालयाचा कोर्स चांगला असतो. बसून काम." तिसरे घड्याळ बघत होते.

आता नीट वाचा. हा पाय आजारानं असा ठेवला नव्हता. आजारानं फक्त पाऊल पाडलं होतं, ते सरळ राहिलं असतं. ते वाकलं, कारण ज्या कॉलेजात हे शास्त्र शिकवतात तिथं पेशंटच्या घराचा उंबरा शिकवत नाहीत. आणि आता तेच कॉलेज तोच पाय दाखवून मला दारातून परत पाठवतं. ज्यानं खड्डा खणला त्यानंच पडलेल्याला म्हणावं, तू धुळीनं माखलेली आहेस, आत येऊ नकोस. हा न्याय मी मान्य करत नाही.

मी वरच्या कचेरीत अपील केलं. तिथल्या साहेबांनी कागद वाचले आणि तोंडी सांगितलं, फेरतपासणी लावतो, पण बोर्डाचा मुद्दा पेशंटच्या विश्वासाचा आहे, त्याचं काही लेखी आणा. मी विचारलं, चांगले चालणाऱ्या मुलांकडून असं लेखी मागता का? ते म्हणाले, वाद घालायचा असेल तर अपील कशाला केलं? खाली कारकुनानं आपुलकीनं सांगितलं, "तुमची जागा राखीव आहे ना, पुढच्या वर्षीही असेल की." पुढच्या वर्षी हा पाय बदलणार आहे का?

ठीक आहे. लेखी पाहिजे, तर लेखी देऊ.

पहिलं पोस्टकार्ड सखाराम तात्यांचं आलं आहे, सुनेच्या अक्षरात, खाली डाव्या हाताचा अंगठा. ते जसंच्या तसं देते. "हिनं मला भुईवरून उठिवलं. लंगडी हाय ते मला दिसतंय. म्या काय हिचं लगीन जमवाय बसलोय का? माझा पाय हिच्या हातात दिला, पुन्हा देईन."

एका पोस्टकार्डानं बोर्ड हलत नाही. म्हणून हे पत्रक तुमच्या हातात आहे. मला तुमची कीव नको, वर्गणी नको, हळहळ तर मुळीच नको. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. उद्या तुमचा पाय लुळा पडला, तुमच्या आईचा पडला, तुमच्या पोराचा पडला, तर तो तुम्ही माझ्या हातात द्याल का? मी लंगडते हे माहीत असताना, आणि मी कुठल्या वस्तीतली आहे हे ओळखून असताना?

द्याल तर पोस्टकार्डावर 'होय' लिहा. देणार नसाल तर 'नाही' लिहा, आणि का नाही तेही लिहा. खाली सही किंवा अंगठा, नाव आणि गाव. मी 'नाही'सुद्धा बोर्डापुढं ठेवीन, एकही लपवणार नाही. ज्याच्या हातून हे पत्रक मिळालं त्याच्याकडंच कार्ड द्या, ते माझ्यापर्यंत येतं. बघू, विचार करू, घरच्यांना विचारू, असं म्हणू नका. फेरतपासणी दिवाळीच्या आत आहे. आज लिहा.